घड्याळ वेळ पकडत नाही, सेन्सर भलतंच तापमान दाखवतो: घरच्या हवामान स्टेशनबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात घरी छोटं हवामान स्टेशन लावण्याबद्दल मी चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. जर्मनीतून तर आलीच, पुण्याहून, सांगलीहून, एक मँचेस्टरहूनही आलं. बऱ्याच जणांचा प्रश्न फिरून फिरून तोच आहे, म्हणून पाच निवडलीत, आणि ज्यांचं पत्र इथे नाही त्यांनाही उत्तर सापडेल असं बघितलंय.

प्रश्न (स्टुटगार्ट): दादा, आम्ही इथे सुपरमार्केटच्या ऑफरमध्ये एक हवामान स्टेशन घेतलं. घरात ठेवायचा डिस्प्ले आणि बाहेर लावायचा सेन्सर. डब्यावर 'फुंकऊर' लिहिलंय म्हणजे वेळ आपोआप लागते म्हणे. तीन दिवस झाले, टॉवरचं चिन्ह नुसतं लुकलुकतंय आणि घड्याळ वाट्टेल ते दाखवतंय. बाहेरचं तापमान मात्र व्यवस्थित येतं. पीस खराब निघाला का? परत करू?

उत्तर: अजिबात परत करू नका, निदान ह्या आठवड्यात तरी नको. तापमान येतंय आणि वेळ येत नाही ह्यातच अर्धं उत्तर आहे. तुमच्या एका डब्यात दोन वेगवेगळे रेडिओ आहेत आणि त्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. एक रेडिओ तुमच्या गॅलरीतल्या सेन्सरचं ऐकतो, तो ४३३ किंवा ८६८ मेगाहर्ट्झवर चालतो आणि त्याची धाव घरापुरती. दुसरा ऐकतो माइनफ्लिंगेनचं. हे गाव फ्रँकफुर्टच्या आग्नेयेला साधारण २५ किलोमीटरवर आहे, मी राहतो त्या ऑफेनबाखपासून अगदीच जवळ. तिथून डीसीएफ७७ नावाचं स्टेशन १९५९ पासून ७७.५ किलोहर्ट्झवर प्रक्षेपण करतंय, आणि १९७३ पासून त्यात तारीख-वेळेचा कोडही असतो. वेळ ठरवते ब्राउनश्वाइगची पीटीबी ही संस्था, त्यांच्या अणुघड्याळांवरून. तुमच्या घड्याळात मात्र अणुघड्याळ-बिड्याळ काही नाही हो, आत साधं क्वार्ट्झ आहे, ते दिवसातून एकदा माइनफ्लिंगेनला विचारून स्वतःला दुरुस्त करून घेतं, एवढंच.

विचारतं कसं ते सांगतो, कारण ते कळलं की काय बिघडलंय ते तुमचं तुम्हालाच कळेल. सिग्नल सतत चालू असतो आणि दर सेकंदाला त्याची ताकद क्षणभर खाली येते. सेकंदाचा दहावा भाग एवढा वेळ खाली राहिली तर शून्य, दोन दशांश सेकंद राहिली तर एक. एका मिनिटात असे ५९ ठोके, शेवटच्या सेकंदाला ठोकाच नाही, म्हणजे घड्याळाला कळतं की आता नवीन मिनिट सुरू. त्या ठोक्यांमध्ये मिनिट, तास, तारीख, वार, महिना, वर्ष आणि उन्हाळी वेळ (युरोपात उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात ती) चालू आहे की नाही ते सगळं भरलेलं असतं. आता गंमत अशी की एक मिनिट ऐकून घड्याळ विश्वास ठेवत नाही, लागोपाठ दोन-तीन मिनिटं ऐकतं आणि ती जुळली तरच वेळ लावतं. त्यामुळे मधे एक ठोका जरी खराब झाला तरी परत पहिल्यापासून! तुमच्याकडे नेमकं हेच होतंय.

ठोके खराब कोण करतं तर तुमच्याच घरातल्या वस्तू. एलईडी दिव्याचा ड्रायव्हर, मोबाइलचा चार्जर, टीव्ही, लॅपटॉपचा ॲडाप्टर, ह्या सगळ्यांच्या आत वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असते (स्विचिंग), ते साधारण पन्नास-शंभर किलोहर्ट्झच्या आसपासच असतं आणि त्याचा कचरा बरोबर ७७.५ वर येऊन पडतो. टीव्हीच्या शेजारी कपाटावर ठेवलंय ना डिस्प्ले? बहुतेक जण तिथेच ठेवतात, छान दिसतं म्हणून. तिथून काढा. निदान दीड-दोन मीटर लांब न्या, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवा, आणि सिमेंट-सळईच्या भिंतीला किंवा रेडिएटरला चिकटवू नका.

मग दिशा. आत एक काळी फेराइटची कांडी असते, तीच अँटेना, आणि बहुतेक मॉडेलमध्ये ती आडवी बसवलेली असते. कांडीची लांबी स्टेशनच्या दिशेला काटकोनात असली की सगळ्यात चांगलं ऐकू येतं, कांडीचं टोक स्टेशनकडे केलंत तर जवळजवळ बहिरी. स्टुटगार्टहून माइनफ्लिंगेन उत्तरेला आहे, म्हणजे डिस्प्लेचं तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला करून ठेवा. म्युनिकवाल्यांनी वायव्येला बघायचं, हॅम्बुर्गवाल्यांनी दक्षिणेला.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रात्र होऊ द्या. बटणं दाबत बसू नका, सेल काढून परत घालू नका, दर वेळी ते बिचारं पहिल्यापासून सुरू करतं. रात्री घरातले दिवे-टीव्ही बंद होतात, लांबच्या गावांना सिग्नलही रात्री जास्त चांगला पोचतो, म्हणून तर कंपन्यांनी ही दुरुस्ती पहाटे १ ते ५ च्या मधे ठेवलेली असते. दोन रात्री खिडकीत ठेवा. टॉवरचं चिन्ह लुकलुकायचं थांबून स्थिर झालं की काम झालं. एकदा वेळ लागली की परत कपाटावर नेऊन ठेवा हवं तर, पण मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तास बदलला का तेवढं बघत जा, तिथेच खरी परीक्षा असते.

प्रश्न (नुरेम्बर्ग): वेळ बरोबर आहे पण बाहेरचा सेन्सर त्रास देतोय. दुपारी ३८ दाखवतो तेव्हा फोनवर २९ असतं. आणि मागच्या हिवाळ्यात तर रोज पहाटे आकड्यांच्या जागी नुसत्या रेघा यायच्या, दुपारी परत आकडे. ताईने तिच्या घरातलं तसंच स्टेशन बघून सांगितलं की तिचं बरोबर चालतं.

उत्तर: ताईचा सेन्सर उत्तरेच्या बाजूला असणार, पैज लावतो. सेन्सर हवेचं तापमान मोजतो असं आपल्याला वाटतं, खरं तर तो स्वतःचंच तापमान मोजतो, ऊन पडलं की प्लास्टिक तापतं आणि तो तेच सांगतो. मी पहिल्या वर्षी माझा सेन्सर नैऋत्येच्या गॅलरीत कठड्याला अडकवला होता, जुलैत संध्याकाळी पाच वाजता ४४ दाखवायचा, आणि त्या आकड्यांच्या मी दोन महिने वहीत नोंदी केल्या. सगळ्या फुकट गेल्या ह्याचं आजही वाईट वाटतं, कारण तो उन्हाळा काही परत येणार नाही.

हवामान खात्यात थर्मामीटर पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत ठेवतात, दीपगृहं बांधणाऱ्या थॉमस स्टीव्हन्सन नावाच्या स्कॉटिश इंजिनिअरने ती पेटी काढली म्हणून तिला स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात. वारा आत जातो, ऊन जात नाही. घरी करायची तर कुंडीखाली ठेवतात त्या पांढऱ्या प्लास्टिकच्या ताटल्या घ्या सात-आठ, वरच्या दोन सोडून बाकीच्यांना मधे गोल भोक पाडा, लांब स्क्रू घालून एकावर एक थोडं अंतर ठेवून बसवा आणि आत सेन्सर लटकवा. जमिनीपासून दीड-दोन मीटर, उत्तरेकडे, भिंतीपासून जरा लांब. भिंतीला टेकवलात तर हिवाळ्यात घराची ऊब मोजली जाते. स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टजवळ तर नकोच नको.

पहाटेच्या रेघा म्हणजे सेल. थंडीत साधे अल्कलाइन सेल मरगळतात, सेन्सरला सिग्नल पाठवायच्या क्षणी जो करंट लागतो तो ते देऊ शकत नाहीत, दुपारी ऊब आली की परत जिवंत. बाहेरच्या सेन्सरमध्ये लिथियमचे १.५ व्होल्टचे एए सेल घाला, थोडे महाग पडतात पण उणे तापमानातही चालतात. चार्ज करायचे १.२ व्होल्टवाले घालू नका, त्यांचा व्होल्टेज मुळातच कमी. सेल बदलले की बऱ्याच मॉडेलमध्ये सेन्सर स्वतःचा नवा नंबर घेतो आणि डिस्प्ले जुन्यालाच शोधत बसतो, तेव्हा डिस्प्लेवरही नव्याने शोध सुरू करा, दोघांना टेबलावर शेजारी शेजारी ठेवून, आणि जुळल्यावरच सेन्सर बाहेर न्या. कधी कधी डिस्प्ले शेजाऱ्यांच्या सेन्सरला पकडतो. तपासायचं कसं, तर आपला सेन्सर मुठीत धरायचा आणि दोन-चार मिनिटं डिस्प्लेकडे बघायचं, आकडा चढला तर आपला.

प्रश्न (कोथरूड, पुणे): मी निवृत्त शिक्षक आहे. मुलीने जर्मनीहून असंच स्टेशन आणलं. ते आपोआप वेळ लावत नाही, हाताने लावायला गेलो तर पहाटे कधीतरी बिघडतं. शिवाय रोज दुपारी ढग आणि पावसाचं चित्र दाखवतं, बाहेर लख्ख ऊन. मुलीला वाईट वाटू नये म्हणून ठेवलंय भिंतीवर. काही उपयोग होईल का ह्याचा?

उत्तर: काका, होईल, आणि चांगला होईल. आधी वेळेचं बघू. माइनफ्लिंगेनचा सिग्नल साधारण दोन हजार किलोमीटरपर्यंत भरवशाने पोचतो, पुणे त्याच्या तिप्पट लांब आहे. आपल्याकडे अशा घड्याळांसाठी लाँगवेव्हचं, म्हणजे लांब रेडिओ लहरींवरचं, स्टेशन नाही. जपान, चीन, इंग्लंड, अमेरिका ह्यांची आहेत, पण तुमच्या घड्याळाला फक्त जर्मन भाषा येते असं समजा. भारताची प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सांभाळते, ती आपल्यापर्यंत इंटरनेटवरून येते, लाँगवेव्हवरून नाही.

पहाटे बिघडतं ते ह्यामुळे की घड्याळ रोज रात्री सिग्नल शोधतं आणि कधीतरी घरातल्या कचऱ्यालाच सिग्नल समजून भलतीच वेळ लावून बसतं. म्हणून पहिलं काम म्हणजे सिग्नल घेणं बंद करणं. बहुतेक मॉडेलमध्ये सेटिंगमध्ये 'आरसीसी' किंवा 'डीसीएफ' असं येतं, ते ऑफ करा, काहींमध्ये टॉवरचं चित्र असलेलं बटण तीन सेकंद दाबून धरायचं. टाइम झोनच्या नादाला लागू नका. तिथे फक्त पूर्ण तास पुढे-मागे होतात आणि आपलं घोडं साडेपाचच्या अर्ध्या तासावर अडतं. झोन शून्य ठेवा आणि वेळ फोनवर बघून हाताने लावा. क्वार्ट्झ महिन्याला काही सेकंद चुकेल, पहिल्या तारखेला दुरुस्त करायचं.

घरात कोणी हौशी नातू असेल तर अजून एक करता येतं. फोनवर अशी ॲप मिळतात जी स्पीकरमधून १५.५ किलोहर्ट्झचा बारीक आवाज सोडतात. स्पीकरच्या कॉइलमध्ये त्याच्या पाचपट म्हणजे बरोबर ७७.५ किलोहर्ट्झचाही अंश तयार होतो, आणि घड्याळ फोनला अगदी चिकटवून ठेवलं तर त्याला वाटतं माइनफ्लिंगेन बोलतंय. त्यात पुण्याची वेळ भरता येते, अर्ध्या तासासकट! सगळ्या फोनवर जमत नाही, पण जमलं की त्या टॉवरचं चिन्ह पुण्यात स्थिर झालेलं बघायला फार छान वाटतं.

आता पावसाचं चित्र. ते चित्र आकाश बघून येत नाही, हवेचा दाब बघून येतं. दाब उतरला की यंत्र म्हणतं पाऊस येणार. युरोपात हे बऱ्यापैकी खरं ठरतं कारण तिथे कमी दाबाचे पट्टे एकामागून एक येत असतात आणि त्यांच्याबरोबर पाऊस. आपल्याकडे विषुववृत्ताच्या जवळच्या भागात दाबाला रोजची भरती-ओहोटी असते, सकाळी दहाच्या आसपास आणि रात्री दहाच्या आसपास चढ, दुपारी चार आणि पहाटे चारला उतार. पुण्यात कोरड्या दिवसात सकाळी दहा ते दुपारी चार ह्या वेळात दाब तीन-चार हेक्टोपास्कलने सहज खाली येतो. यंत्र बिचारं जर्मनीत शिकलेलं, त्याला वाटतं वादळ आलं. तेव्हा चित्राकडे दुर्लक्ष करा पण आकडा बघा. आजचे दुपारी चार आणि उद्याचे दुपारी चार अशी तुलना केलीत तर खरा बदल दिसेल. तुम्ही शिक्षक, तुम्ही आठ दिवस दर दोन तासांनी दाब वहीत मांडून आलेख काढलात तर ती भरती-ओहोटी तुमच्या डोळ्यांनी दिसेल, आणि एवढं सुंदर काही त्या डब्यात दुसरं नाही असं मला मनापासून वाटतं.

दाब लावताना एक गोष्ट. पुणे साधारण ५६० मीटरवर आहे, म्हणून यंत्राला जो खरा दाब जाणवतो तो समुद्रसपाटीपेक्षा ६०-६५ हेक्टोपास्कलने कमी, ९४५ ते ९५० च्या घरात. बातम्यांत समुद्रसपाटीला आणलेला आकडा देतात. लोहगाव विमानतळाचा मेटार, म्हणजे विमानांसाठीचा हवामान अहवाल, इंटरनेटवर मिळतो, त्यात क्यू अक्षरापुढचा आकडा असतो तो यंत्रात 'रिलेटिव्ह' (समुद्रसपाटीला आणलेला) दाब म्हणून भरा. जमलं तर सकाळी भरा, वारा शांत असताना.

तुमच्या पत्राने मला शिवाजीनगरचं सिमला ऑफिस आठवलं. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं म्हणून ते नाव. लहानपणी बसमधून जाताना त्या दगडी इमारतीकडे बघत राहायचो, आत काय मोजत असतील म्हणून. मला ह्या सगळ्याचा नाद तिथूनच लागला.

प्रश्न (मँचेस्टर): जर्मनीतून इथे शिफ्ट झालो, घड्याळ रोज एक तास पुढे जातं. कितीही वेळा मागे केलं तरी सकाळी परत पुढे.

उत्तर: बरोबरच करतंय ते. मँचेस्टर माइनफ्लिंगेनच्या टप्प्यात आहे, म्हणून रोज रात्री जर्मन वेळ घेतं. टाइम झोन −१ करा, झालं. इंग्लंडचं स्वतःचं स्टेशन आहे, एमएसएफ, ६० किलोहर्ट्झवर, आधी रग्बीहून आणि २००७ पासून कंब्रियातल्या अँथॉर्नहून, पण तुमचं जर्मन घड्याळ ते ऐकत नाही. नवीन घेताना डब्यावर एमएसएफ बघून घ्या.

प्रश्न (सांगली): आमच्या शेतावर पर्जन्यमापक असलेलं स्टेशन लावलंय, भावाने म्युनिकहून आणलेलं. पाऊस जोराचा झाला की पेपरातला आकडा आणि आमचा आकडा कधीच जुळत नाही. एकदा आमच्याकडे आदल्या दिवशी सगळा पाऊस, पेपरात दुसऱ्या दिवशी. कोण चुकतंय?

उत्तर: कदाचित कोणीच नाही, आणि हा प्रश्न आला ह्याचा मला खूप आनंद झाला कारण घड्याळ नीट लावा असं मी का सारखं सांगतो ते इथे कळतं. आपल्या हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ. सोमवारी संध्याकाळी पडलेला पाऊस मंगळवारी सकाळी ८:३० ला मोजून मंगळवारच्या तारखेला लिहिला जातो. तुमचं यंत्र मध्यरात्री शून्य होतं. शिवाय म्युनिकहून आलेल्या यंत्रात जर जर्मन वेळच राहिली असेल तर त्याची मध्यरात्र म्हणजे हिवाळ्यात आपली पहाटेची साडेचार आणि उन्हाळी वेळेत साडेतीन. पावसाळ्यात रात्रीच्या सरी असतात, अर्धी सर ह्या दिवसात, अर्धी त्या दिवसात. आधी वेळ बरोबर करा, आणि रोजचा आकडा बघण्याऐवजी एकूण बेरजेचा आकडा रोज ८:३० ला वहीत लिहा, कालचा आजच्यातून वजा केला की तुमचा आणि खात्याचा दिवस एकच झाला. तरीही आकडे अगदी तंतोतंत जुळणार नाहीत, खात्याचं पर्जन्यमापक तुमच्या शेतात नाही, आणि वळवाची सर तर एका बांधाला भिजवते आणि दुसऱ्याला कोरडं ठेवते हे तुम्हाला मी काय सांगणार.

मापक स्वतः बरोबर आहे का तेही बघा. आत एक छोटी तराजूसारखी पन्हळी असते, एक बाजू भरली की कलते आणि दुसरी बाजू भरायला लागते, प्रत्येक कलंडीला ठरलेला आकडा मोजला जातो. वरच्या तोंडाची लांबी-रुंदी मोजा. समजा ११ सेंटीमीटर बाय ५, म्हणजे ५५ चौरस सेंटीमीटर, तर ५५ मिलिलिटर पाणी म्हणजे बरोबर १० मिलीमीटर पाऊस. औषधाच्या मापाने ५५ मिली पाणी घ्या आणि अगदी थेंब थेंब, दहा-पंधरा मिनिटं घेऊन सोडा. ९.५ ते १०.५ च्या मधे आलं तर ठीक. एकदम ओतलंत तर कमी येईल कारण पन्हळी कलत असताना येणारं पाणी वाया जातं, मुसळधार पावसातही हेच होतं, थोडं कमीच मोजलं जातं. आणि फारच कमी आलं तर वरचं झाकण उघडा. मृगाच्या आधी एकदा उघडायलाच हवं, उसाचं पाचट, कोळ्याचं जाळं, चिमणीची काडी, काहीतरी त्या बारीक भोकात अडकलेलं असतंच, मऊ ब्रशने साफ करा आणि बसवताना पाणसळ लावून सपाट आहे ना ते बघा.